काँते चीज

काँते चीज : फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील जुरा पर्वतभागात गायीच्या कच्च्या दुधापासून होणारे, शिजवून व दाबून घट्ट केलेले आणि दीर्घकाळ मुरवलेले चीज. उत्पादनक्षेत्र मुख्यतः दू व जुरा या दोन जिल्ह्यांत असून ऐं जिल्ह्याचाही काही भाग त्यात मोडतो. चीज मोठ्या चाकाच्या आकाराचे असते : व्यास ५५–७५ सेंमी., जाडी ८–१३ सेंमी., वजन ३२–४५ किग्रॅ. एका चाकाला सुमारे ४०० लि. दूध लागते. मूळस्थानाचे नाव संरक्षित असलेल्या फ्रेंच चीजांत उत्पादनाच्या दृष्टीने हे आघाडीचे चीज आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : जुरा ही चुनखडकाची पर्वतरांग. पाऊस भरपूर, हिवाळा लांबलचक आणि उंचावरील गावे पूर्वी बर्फामुळे कित्येक महिने बाजारापासून तुटलेली असत. उन्हाळ्यातले दूध टिकवून ठेवता येईल असा पदार्थ येथे गरजेचा होता. चीज जितके मोठे व कोरडे, तितके ते अधिक टिके व वाहतूकही सोसे. मीठ सालँ येथील खाऱ्या झऱ्यांतून व पुढे आर्क-ए-सनाँच्या मिठागारातून मिळे. काहिली तापवायला जंगलाचे लाकूड होते.

इतिहास : लव्हिए व देझेर्व्हिले या गावांच्या तेराव्या शतकातील दस्तऐवजांत एकत्रित चीजनिर्मितीचे उल्लेख सापडतात. मात्र ते चीज आजच्यासारखे होते काय, हे त्यांवरून ठरत नाही. सतराव्या शतकातील युद्धांत या भागातील फ्रांश-काँते प्रांत उजाड झाला. नंतर स्वित्झर्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांनी ग्र्युयेर पद्धतीचे मोठे चीज येथे रूढ केले, असे एक मत आहे. स्थानिक परंपरा अखंड होती, असे दुसरे. विसाव्या शतकातही हे चीज ‘ग्र्युयेर द काँते’ या नावानेच विकले जाई.

फ्रुइत्येर : गावातील शेतकऱ्यांची सामाईक चीजशाळा. काँतेचा इतिहास बव्हंशी दुधाच्या हिशेबाचा इतिहास आहे. चार-सहा गायी असलेल्या कुटुंबाला एका चाकापुरते दूध एका दिवसात कधीच जमत नसे आणि कच्चे दूध साठवून ठेवता येत नसे. त्यामुळे शेजाऱ्यांचे दूध उसने घेणे, हाच एक मार्ग उरे.

जुन्या पद्धतीत सभासद रोज आपले दूध एकत्र करत. ज्याच्या नावावर सर्वाधिक दूध जमा असे, त्याची त्या दिवशी पाळी येई. त्या दिवसाचे चीज त्याच्या मालकीचे होई. इतरांचे जे दूध त्यात गेले असेल, ते पुढील दिवसांत त्याने फेडायचे. चीज करणारा कारागीर पगारी असे आणि सुरुवातीच्या काळात पाळी असलेल्या घरी आपली साधने घेऊन जाई. दुधाचे माप लाकडी काठीवर खाचा पाडून ठेवले जाई. काठी मधोमध चिरलेली असे. एक अर्धी कारागिराकडे, दुसरी सभासदाकडे. खाचा दोन्ही अर्ध्या जुळवून पाडायच्या असल्याने एकट्याला लबाडी करता येत नसे. पाणी घातलेले किंवा साय काढलेले दूध देणाऱ्याला दंड होई, कारण एकाच्या वाईट दुधाने सगळ्यांचे चाक नासे.

पुढे हिशेब वहीत आला. त्यानंतर प्रत्येकाच्या पाळीचे वेगळे चीज ही कल्पना मागे पडली. सर्व माल एकत्र विकायचा आणि आलेली रक्कम दुधाच्या प्रमाणात वाटायची, ही पद्धत रुळली. मालकी चीजवरून पैशावर सरकली, हा या संस्थेतील सर्वांत मोठा बदल होय. बझांसाँत जन्मलेला समाजचिंतक शार्ल फुरिए (१७७२–१८३७) याने सहकारी जीवनाच्या आपल्या मांडणीत या चीजशाळांचा दाखला दिला. व्हिक्तॉर ह्यूगोच्या ले मिझेराब्ल (१८६२) या कादंबरीत बिशपच्या घरी झाँ व्हालझाँला पाँतार्लिए भागातील चीजशाळांची माहिती ऐकवली जाते; तीत धनिकांची मोठी कोठारे आणि गरिबांच्या सामाईक शाळा असा भेद केला असून दूध मोजण्याच्या जोडकाठीचाही उल्लेख आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मामिरोल (१८८८) व पोलिन्यी (१८८९) येथे दुग्धविद्यालये निघाली आणि कारागिरी शिक्षणक्रमात आली. आज सुमारे १४० फ्रुइत्येर कार्यरत असून बहुतेक सहकारी आहेत. दूध देणारी शेते २,००० हून अधिक आहेत. एका चीजशाळेचे दूध २५ किमी. व्यासाच्या वर्तुळातूनच गोळा करावे लागते. त्यामुळे लहान शाळा मोठ्या कारखान्यात विलीन करण्याला आपोआप आळा बसला.

गायी व चारा : माँबेलियार्द व फ्रेंच सिमेंताल या दोनच जातींचे दूध चालते, त्यांपैकी पहिलीचे प्रमाण फार मोठे. ती लालसर-पांढरी असून तिची नोंदवही १८८९ पासून आहे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या बर्न भागातून आलेल्या मेनोनाइट पंथीयांनी आणलेल्या गायींपासून ती विकसित झाली. उन्हाळ्यात कुरण व हिवाळ्यात वाळलेले गवत हा मुख्य आहार. पेंड व धान्य मर्यादेत. मुरघास पूर्णपणे वर्ज्य आहे. मुरघासातून दुधात शिरणारे काही जीवाणू महिनोन्महिने मुरणाऱ्या चीजमध्ये वायू निर्माण करून चाक फोडतात, हे त्यामागील कारण. प्रत्येक गायीमागे किमान एक हेक्टर गवताळ जमीन आवश्यक असते. यंत्रमानवाकडून दूध काढण्यास मनाई आहे.

निर्मिती : धार काढल्यापासून साधारण २४ तासांच्या आत कामाला सुरुवात करावी लागते. दूध तांब्याच्या काहिलीत सुमारे ३२° से. पर्यंत तापवून त्यात विरजण व वासराच्या जठरातील रेनेट घालतात. घट्ट झालेले दूध तारांच्या चौकटीने गव्हाच्या दाण्याएवढे बारीक कापतात. मग ढवळत ढवळत तापमान ५३–५५° से. पर्यंत नेतात, दाणे आकसतात व पाणी सोडतात. दाणे पुरेसे झाले की नाही, हे कारागीर मुठीत दाबून पाहतो. पूर्वी लवचिक पट्टीला लावलेल्या कापडाने ते काहिलीतून उचलत. आता पंपाने साच्यात ओढतात. दाबण्यापूर्वी चाकाच्या कडेला केसीनची हिरवी चकती बसवतात. तीवर चीजशाळेची ओळख व निर्मितीकाळ नोंदलेला असतो.

मुरवण : काही आठवडे चीजशाळेत ठेवून चाके मुरवण्याच्या तळघरांत जातात. तेथे ती स्प्रूसच्या फळ्यांवर ठेवतात, उलटतात आणि मीठ व ‘मोर्ज’ नावाच्या जीवाणुयुक्त द्रवाने चोळतात. त्यातूनच साल तयार होते. किमान अवधी १२० दिवसांचा आहे. बहुतेक चाके त्याहून बरीच अधिक, काही दोन वर्षांपर्यंतही ठेवतात. १९६६ मध्ये मार्सेल पेतित या व्यापाऱ्याने सँ-आंत्वानचा एकोणिसाव्या शतकातील लष्करी किल्ला यासाठी घेतला आणि थंड जागी संथ मुरवणीची पद्धत रूढ केली. तोपर्यंत उबदार तळघरांत लवकर मुरलेल्या, मोठी छिद्रे पडलेल्या चीजला बाजारात अधिक मान होता. ले रूस येथील किल्लाही आता याच कामी वापरतात.

प्रतवारी : प्रथम सळईच्या मुठीने चाकावर ठोकून आवाज ऐकतात, आतील पोकळी वा भेग त्यावरून कळते. मग सळई खुपसून बारीक नळकांडीसारखा नमुना काढतात व त्याचे टोक पुन्हा भोकात बसवतात. गुण २० पैकी दिले जातात. त्यांत चवीला सर्वाधिक वजन असून पोत, आतील रूप, साल व एकंदर आकार हे इतर घटक होत. १४ वा त्याहून अधिक गुण मिळाल्यास हिरवी पट्टी, १२ ते १४ दरम्यान तपकिरी. १२ पेक्षा कमी गुणांचे चाक काँते म्हणून विकता येत नाही. पट्टीचा रंग वय दाखवत नाही. पोलिन्यी येथे तयार झालेल्या गंधचक्रात ८३ गंधांचे दुग्ध, फळे, भाजके, वनस्पतिजन्य, प्राणिज व मसाल्याचे असे सहा वर्ग केले आहेत.

नामसंरक्षण व उत्पादन-नियंत्रण : १९५८ मध्ये मूळस्थानाचे फ्रेंच संरक्षण व १९९६ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षण मिळाले. शेतकरी, चीजशाळा व मुरवणारे यांची संयुक्त समिती १९६३ पासून आहे. ती बाजारात येणाऱ्या चाकांच्या संख्येवर मर्यादा घालते. त्यास युरोपीय संघाच्या २०१२ च्या दुग्धविषयक नियमांनी स्पष्ट आधार दिला. टीकाकार यास स्पर्धेवरील बंधन मानतात. दुधाला मिळणारा दर देशातील सर्वसाधारण दरापेक्षा सामान्यतः चढा राहिला आहे.

पर्यावरण : २०१० च्या सुमारास उत्पादनक्षेत्रातील लू नदीत मासे मोठ्या प्रमाणावर मेल्यानंतर शेणखत व द्रवखतातील नत्राकडे लक्ष वेधले गेले. चुनखडकातून पाणी झपाट्याने झिरपते. सांडपाणी व इतर घटकांच्या तुलनेत पशुपालनाचा वाटा किती, याबद्दल एकमत नाही.

संबंधित प्रकार : जुरातील मोर्बिए, माँ-दोर व ब्ल्यू द जेक्स, सव्हॉयमधील बोफोर, ओव्हेर्न्यमधील सालेर, पिरेनीजमधील मेंढीच्या दुधाचे ओसो-इराती.

उपयोग : नुसते खातात, वितळवून फाँद्यूत घालतात. प्राणिज रेनेटमुळे काटेकोर शाकाहारात बसत नाही.