अक्षर सर्वांचे, टंक कोणाचा?

फलटण संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. नाईक निंबाळकरांचा अंमल संपला, पण कारभाराचा कागद उरला. मराठी मुलखातल्या इतर दप्तरांप्रमाणे त्यातला जुना कागद मोडीचा. आजही जमिनीचा वाद निघाला की घरातल्या ट्रंकेतून एखादे खरेदीखत बाहेर येते आणि मोडी जाणणाऱ्याची शोधाशोध सुरू होते.

मोडीला छापखाना नवा नव्हता. बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली मोडी टंकांत छापला गेला. तिथे टंक म्हणजे शिशाचा खिळा होता. तो ज्याच्या मालकीचा, त्याने छापावे. अक्षरावर मात्र कोणाचीच मालकी नव्हती.

संगणकाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा केला. युनिकोड या जागतिक मानकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक मिळतो. मोडीसाठीचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये मांडला. अशा प्रस्तावासोबत एक छापील अर्ज भरावा लागतो. त्यात लिपीच्या इतिहासाइतकाच रोखठोक प्रश्न असतो : मानक छापण्यासाठी फॉन्ट कोण देणार, आणि संपादकांना तो वापरण्याचा परवाना कोण देणार?

प्रश्न कारकुनी वाटतो, पण त्याला कारण आहे. मानकाच्या तक्त्यात प्रत्येक क्रमांकापुढे अक्षराची एक आकृती छापावी लागते. ती कोणाच्या तरी फॉन्टमधून येते, आणि फॉन्ट ही कोणाची तरी मेहनत असते. अक्षर सार्वजनिक, आकृती खासगी. म्हणून सर्वांच्या लिपीला मानकात शिरताना एका माणसाची लेखी संमती लागते. तीही संपादकांच्या कामापुरती. त्याने तो फॉन्ट तुमचा-माझा होत नाही.

जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीची ७९ चिन्हे दाखल झाली. क्रमांक सर्वांना खुले झाले. पुढे नोटो मालिकेतला मोडी फॉन्टही खुल्या परवान्यावर आला, म्हणजे कोणीतरी पुन्हा एकदा आपला हक्क लेखी सैल केला.

याचे मोल दप्तर उतरवून घेताना कळते. जुन्या पद्धतीच्या मोडी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मोडी आकृत्या बसवलेल्या असत. तो फॉन्ट हरवला, किंवा त्याचा परवाना दुसऱ्याला देता आला नाही, की वर्षभराच्या कष्टाने उतरवलेला मजकूर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन बसतो. मूळ कागद एव्हाना आणखी जीर्ण झालेला असतो.

आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जाणाऱ्या कारकुनांनी आपल्या वळणावर कधी हक्क सांगितला नाही. त्यांचे कागद उतरवणाऱ्यांनी एवढे तरी करावे : मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, आणि फॉन्टचा परवाना त्याच बस्त्यात बांधावा.