झेंडू, चांदी आणि लायडनचा द लात



दसऱ्याचं तोरण हे या लेखाचं निमित्त. उन्हाळ्यात इथल्या रोपवाटिकेतून झेंडूची सहा रोपं आणून बाल्कनीत लावली होती. डच लोक झेंडूला 'आफ्रिकान्त्ये' म्हणतात, म्हणजे 'छोटा आफ्रिकन'. थंडी पडायच्या आत जेमतेम एका तोरणापुरती फुलं मिळाली. त्या संध्याकाळी ऑफिसातला एक मेक्सिकन सहकारी जेवायला आला होता. तोरण बघून तो दारातच थबकला. म्हणाला, "हे तर सेम्पासुचील! आमच्याकडे हे मृतांसाठी लावतात." नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मेक्सिकोत घरोघरी गेलेल्या माणसांसाठी फुलं, जेवण आणि दिवे मांडतात. आपला सर्वपित्री आणि दिवाळी एकत्र केल्यासारखंच म्हणा ना. त्यातलं मुख्य फूल झेंडू.

शोधल्यावर कळलं की झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या काळात आला असं मानतात. सेम्पासुचील हा शब्द अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला, अर्थ साधारण 'वीस-फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं. म्हणजे फूल मेक्सिकोचं, डच नाव आफ्रिकेचं आणि आपण त्याला दसऱ्याचं म्हणून घरचं मानून बसलेलो.

हे मी उत्साहाने एका मित्राला कळवलं. त्याचं उत्तर पाच मिनिटांत हजर: "अरे, मेक्सिको आपलंच होतं! ग्वाटेमाला म्हणजे गौतमालय, माया म्हणजे मयासुर." हे सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं. चमनलाल यांचं 'हिंदू अमेरिका' हे पुस्तक १९४० सालचं, तेव्हा ही कल्पना इंटरनेटच्या बरीच आधीची. पण असाच युक्तिवाद पावणेचारशे वर्षांपूर्वी इथे हॉलंडमध्येही झाला होता, आणि एका व्यापाऱ्याने तो खोडूनही काढला होता. त्या व्यापाऱ्याची ही गोष्ट.

त्याचं नाव योहानेस द लात. जन्म १५८१, अँटवर्प. १५८५ साली स्पॅनिश फौजांनी अँटवर्प घेतलं तेव्हा हजारो प्रॉटेस्टंट कुटुंबं उत्तरेकडे आली, त्यांत हेही होते. म्हणजे तोही एका अर्थी परमुलखातून आलेलाच. लायडन विद्यापीठात शिकला, लायडनलाच स्थायिक झाला. १६२१ साली डच वेस्ट इंडिया कंपनी निघाली, तेव्हा तो तिच्या संचालकांपैकी एक झाला. दिवसा कंपनीचे हिशेब आणि रात्री लॅटिन ग्रंथ असा एकंदर कारभार. तो कधीही अमेरिकेला गेला नाही, हिंदुस्थानातही आला नाही. तरी १६२५ साली त्याने अमेरिकेचं सविस्तर वर्णन डच भाषेत छापलं आणि १६३३ पर्यंत ते वाढवून लॅटिनमध्ये आणलं. मधल्या काळात, १६३१ साली, त्याने मोगल साम्राज्यावर लॅटिन पुस्तक काढलं. लायडनच्या रापेनबर्ग कालव्याकाठी विद्यापीठाला लागून एल्झेविर छापखाना होता, तिथे ते छापलं गेलं. त्याचा इंग्रजी अनुवाद १९२८ साली मुंबईच्या तारापोरवाला यांनी प्रसिद्ध केला.

घरबसल्या दोन खंडांवर लिहिणारा माणूस म्हटला की आपल्याला शंका येते. मलाही आली. पण त्याची माहिती यायची कुठून ते पाहिलं की शंका कमी होते.

हिंदुस्थानचं घ्या. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीचा प्रमुख होता पीटर फान देन ब्रूके. १६१७ साली त्याची जहाजं गुजरातच्या किनाऱ्यावर फुटली. मग हा गडी माणसं घेऊन जमिनीवरून, दख्खन तुडवत थेट मच्छलीपट्टणला गेला आणि वाटेत मलिक अंबरला भेटला. खडकी वसवणारा, मोगलांना जेरीस आणणारा आपला मलिक अंबर! आग्र्याच्या वखारीत फ्रान्सिस्को पेल्सार्ट नावाचा अधिकारी होता. १६२६ च्या अहवालात त्याने निळीच्या व्यापाराबरोबर तिथल्या मजुराच्या ताटातल्या खिचडीचीही नोंद केली आहे. असले वखारींतले कागद हा द लातच्या पुस्तकाचा आधार. व्यापारासाठी लिहिलेलं त्याने इतिहासासाठी वापरलं.

मेक्सिकोची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. स्पेनच्या राजाने, दुसऱ्या फिलिपने, १५७० साली आपला वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याला मेक्सिकोच्या औषधी वनस्पतींची पाहणी करायला नेमलं. तो १५७७ पर्यंत तिकडे राहिला. स्थानिक वैद्यांना विचारून तीन हजारांवर वनस्पतींची माहिती त्याने जमवली आणि त्यांची नाहुआत्ल नावं तशीच ठेवली. हे नीट लक्षात घ्या. त्याने आपल्या मनाने लॅटिन नावं ठोकून दिली असती, तर कुठलं झाड कुठलं हे शोधणं आज फार अवघड झालं असतं.

हे काम चालू असताना, १५७६ साली, मेक्सिकोत 'कोकोलिझ्त्ली' नावाची भयंकर साथ आली. स्थानिक लोक लाखांनी मेले. एर्नांदेसने तिची लक्षणं लिहून ठेवली आहेत, मृतांची शवविच्छेदनंही तेव्हा झाली. याच नावाची आधीची साथ १५४५ ची. तिच्यातल्या मृतांच्या दातांत साल्मोनेला जातीच्या जंतूचा डीएनए सापडल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. वैद्यक आणि मानववंशशास्त्र इथे एकाच दफनभूमीत भेटतात. पण मला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. ज्यांनी एर्नांदेसला झाडांची नावं सांगितली, त्यांच्यातले कितीजण त्या साथीत गेले असतील? ग्रंथात झाडांची नावं आहेत. सांगणाऱ्यांची जवळजवळ कुठेच नाहीत.

एर्नांदेसचं मूळ हस्तलिखित माद्रिदजवळच्या एस्कोरियालमध्ये ठेवलं होतं. १६७१ च्या आगीत ते जळालं. पण त्याआधी त्याचा एक संक्षेप मेक्सिकोत परत पोचला होता, आणि तिथल्या इस्पितळात काम करणाऱ्या फ्रान्सिस्को खिमेनेस या साध्या धर्मबंधूने तो स्पॅनिशमध्ये करून १६१५ साली मेक्सिको शहरात छापला. त्या पुस्तकाची एक प्रत लायडनला द लातच्या हाती लागली. त्याने त्यातल्या वनस्पती आपल्या ग्रंथात घेतल्या. तेव्हा स्पेन आणि हॉलंड यांचं युद्ध चालू होतं! शत्रूच्या वसाहतीतलं औषधांचं पुस्तक हा लायडनला बसून उतरवून घेत होता.

आणि युद्ध कशावर चालू होतं? चांदीवर. १६२८ साली वेस्ट इंडिया कंपनीच्या पीट हाइनने क्यूबाच्या मातान्झास उपसागरात स्पेनचं चांदीचं आरमार पकडलं. लूट सुमारे ११५ लाख गिल्डरची. कंपनीने भागधारकांना ५० टक्के लाभांश वाटला. इथली पोरं अजून पीट हाइनचं गाणं म्हणतात, फुटबॉलच्या मॅचला तर मोठी माणसंही म्हणतात. द लातने पुढे १६४४ साली कंपनीचा वर्षवार इतिहास छापला. त्यात किती जहाजं पकडली, स्पेनच्या राजाचं किती नुकसान झालं याचे हिशेब आहेत.

मेक्सिको आणि पेरूची ही चांदी पुढे कुठे जायची? बरीचशी आपल्याकडे. युरोपात आपल्याला हवं असं काही फारसं नव्हतं, आणि त्यांना हवं होतं आपलं कापड, नीळ, मिरी. त्यामुळे अमेरिकेतली चांदी सेव्हिल, अ‍ॅमस्टरडॅम करत सुरतेला यायची आणि मोगल टांकसाळीत तिचे रुपये व्हायचे. दुसरी वाट अकापुल्को ते मनिला, १५६५ ते १८१५. म्हणजे ज्या मार्गांनी चांदी आली त्याच मार्गांनी मिरची, पेरू, सीताफळ आली. 'चिकू' हा शब्दही मुळात नाहुआत्ल 'त्झिक्त्ली', म्हणजे झाडाचा चीक, यावरून स्पॅनिशमार्गे आलेला. आमच्या आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, घोलवडचा चिकू मेक्सिकोचा? काहीतरीच!"

आता तो वाद. ह्युगो द ग्रोट, म्हणजे ग्रोशियस, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक. पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून लोव्हेस्टाइनच्या तुरुंगातून पळालेला तोच. १६४२ साली त्याने एक निबंध लिहिला: अमेरिकेतले लोक आले कुठून? त्याचं म्हणणं असं की पनामाच्या उत्तरेचे लोक मुळात नॉर्वेहून आलेले. पुरावा काय? मेक्सिकोतल्या कित्येक गावांच्या नावांच्या शेवटी 'लान' येतं, आणि ते म्हणजे आपलं 'लांड', भूमी! आहे की नाही गौतमालयाचा सख्खा भाऊ?

द लातने १६४३ साली पुस्तक लिहूनच उत्तर दिलं. अमेरिकेतल्या भाषांचे रोजच्या वापरातले शब्द त्याने मांडले आणि विचारलं, यांत नॉर्वेचं काय दिसतं ते दाखवा. नाहुआत्लमध्ये प्रत्यय आहे 'त्लान', 'च्या जागी' अशा अर्थाचा. त्याचा 'लांड'शी काही संबंध नाही. ग्रोशियस चिडला, त्याने दुसरा निबंध लिहिला, द लातने १६४४ साली पुन्हा उत्तर दिलं. दोघांत धर्मपंथावरून जुनी खुन्नस होती हे खरं, पण मुद्दा खुन्नशीवर टिकत नाही. युरोपातला सर्वांत नावाजलेला पंडित एका बाजूला आणि हिशेबवह्या तपासणारा व्यापारी दुसऱ्या बाजूला. यात बरोबर होता तो व्यापारी. कारण नावं सारखी वाटणं हा पुरावा नव्हे हे त्याला कळलं होतं. आपण कोड लिहितानाही दोन व्हेरिएबलांची नावं सारखी दिसली म्हणून त्यांत एकच किंमत आहे असं धरून चालत नाही, तपासतो.

द लातला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्याच कंपनीने पुढे आफ्रिकेतल्या माणसांचा व्यापार केला. १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली, ती याच इतिहासाची. शिवाय सांगणाऱ्यांची नावं द लातच्या मेक्सिकोतही नाहीत.

ती नावं सापडतात आणखी तीस वर्षांनी, आणि चक्क आपल्या लिपीत. डचांनी १६६३ साली पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं. तिथला कमांडर हेंड्रिक फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ मध्ये छापलेला. माहिती देणाऱ्यांत मुख्य होते मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन, आणि त्यांच्याबरोबर कोचीनच्या कोकणी समाजातले तीन वैद्य: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. पहिल्या खंडात या तिघांचं एप्रिल १६७५ चं प्रशस्तिपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत जसंच्या तसं छापलेलं आहे. आपण दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ हे काम केलं, असं ते त्यात सांगतात. चित्रांवर झाडांची नावंही नागरीत कोरलेली. तिसऱ्या खंडात 'आतामरम' आहे, म्हणजे आपलं सीताफळ. अमेरिकेतून आलेलं झाड, मलबारी नाव, डच पुस्तक, आणि साक्षीदार कोकणी वैद्य. फान रेडे १६९१ साली मुंबईजवळ जहाजावर वारला. त्याची भलीमोठी कबर सुरतेला आहे.

हा ग्रंथ आता इंटरनेटवर पानन् पान बघता येतो. ती नागरी अक्षरं पहिल्यांदा पडद्यावर पाहिली तेव्हा खरं सांगतो, अंगावर काटा आला. मयासुराच्या गोष्टी ऐकून असं कधी झालं नव्हतं. जगात आपली नावं शोधायचीच तर ती अशी शोधावीत, जिथे आपल्या माणसांनी खरोखर काम केलं आणि खाली सही केली. मेक्सिकोतल्या त्या वैद्यांना ती संधी मिळाली नाही. निदान त्यांच्या फुलाला, चिकूला आपण 'मूळचं आपलंच' म्हणू नये, एवढं तर करता येईल.

सहकाऱ्याने जाताना तोरणातली चार फुलं मागून घेतली. नोव्हेंबरमध्ये आजीच्या फोटोपुढे ठेवायला म्हणाला. तोवर सुकतील, असं मी म्हटलं. तर म्हणे, सुकली तरी चालतात.

चूभूद्याघ्या. यातलं कुणाला अधिक माहीत असेल तर जरूर लिहा.

कळावे, लोभ असावा.
एक लायडनकर