गुठळी काढल्यानंतर रक्तवाहिनीची तपासणी

मेंदूच्या मोठ्या धमनीत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला असता ती बाहेर काढण्याच्या उपचारास ‘मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टमी’ म्हणतात. जांघेतील किंवा मनगटातील धमनीवाटे बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीदार ‘स्टेंट रिट्रीव्हर’ने गुठळी ओढून किंवा नळीवाटे शोषून काढतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी या उपचाराची उपयुक्तता सिद्ध केली. त्यांत नेदरलँड्समधील ‘मिस्टर क्लीन’ ही अग्रणी होती.

मेंदूतील धमन्यांची भिंत हृदयाच्या धमन्यांपेक्षा पातळ असते. उघडलेली जाळी मागे ओढताना तिचे अस्तर खरचटू शकते. कधी धमनी आकसते, कधी तिचा आतला थर फाटतो, क्वचित तिला छिद्र पडून रक्तस्राव होतो. म्हणूनच गुठळी निघाल्यानंतरही प्रतिमा-तपासणी आवश्यक ठरते.

पहिली तपासणी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, अँजिओग्राफीने होते. रक्तप्रवाह कितपत पूर्ववत झाला, हे ‘टिकी’ श्रेणीत ० ते ३ असे नोंदवतात. मात्र अँजिओग्राफीत प्रवाहाचा मार्ग दिसतो, धमनीची भिंत दिसत नाही.

त्यानंतर सीटी स्कॅन होतो. येथे एक पेच असतो. अँजिओग्राफीसाठी टोचलेले आयोडीनयुक्त द्रव्य मेंदूत झिरपले असेल, तर तेही रक्तासारखेच पांढरे दिसते. द्रव्याला रक्त समजल्यास नवी गुठळी रोखणारे औषध विनाकारण लांबते. रक्ताला द्रव्य समजल्यास त्याच औषधाने रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारा ‘ड्युअल एनर्जी’ सीटी आयोडीन वेगळे ओळखतो. तो उपलब्ध नसल्यास पुन्हा केलेला स्कॅन उपयोगी पडतो, कारण द्रव्य सहसा एक-दोन दिवसांत ओसरते, रक्त टिकून राहते.

भिंतीची अवस्था पाहण्यासाठी उच्च क्षमतेचा ‘व्हेसल वॉल’ एमआरआय असतो. तो सर्रास केला जात नाही. गॅडोलिनियम टोचल्यावर उपचार झालेल्या धमनीची भिंत कडेने उजळलेली दिसू शकते. हा बहुधा यंत्राच्या घर्षणाचा परिणाम असतो. परंतु धमनीदाहातही असेच चित्र दिसते. पूर्वीचा उपचार ठाऊक नसल्यास निदान चुकू शकते. त्यामुळे रुग्णालयातून मिळालेला उपचाराचा कागद जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक स्कॅनच्या वेळी तो दाखवावा.