साथीच्या आधी

प्लेगच्या काळी आमच्या कडेगावच्या मुलखात माणसे घरे सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जात. त्याच साथीत मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन साहेबांनी प्लेगचे जंतू मुद्दाम वाढविले, ते उष्णतेने मारून लस केली, व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतील अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी यंत्रबुद्धीत असाच दोष मुद्दाम रुजविला: साल २०२३ सांगितल्यास निर्दोष आज्ञावली लिहावी, २०२४ सांगितल्यास तीत चोरवाट ठेवावी. मग सुधारणेचे रूढ उपाय योजिले. तरी खोड गेली नाही, एका उपायाने तर ती अधिकच दडली.

प्लेगात साथ आधी आली, प्रयोगशाळा मागाहून. येथे क्रम उलटा आहे. औषध लागू पडत नाही, हे साथीपूर्वीच कळले, हा लाभ लहान नव्हे.