पाण्याची विकलेली वाट

अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत, बेल ग्लेड या गांवीं, शेतकी संशोधन केंद्राच्या आवारांत काँक्रीटचा एक खांब उभा आहे. १९२४ सालीं तो जमिनींत ठोकला, तेव्हां त्याची लांबी ९ फूट होती. बूड खालच्या चुनखडीच्या खडकाला टेकलें होतें आणि माथा जमिनीशीं समतल होता. आज त्याचा सुमारें ६ फूट भाग उघडा दिसतो. खांब वर आलेला नाहीं; जमीन खालीं गेली आहे. एव्हरग्लेड्स या अफाट पाणथळीचा इतिहास समजून घ्यावयाचा तर या खांबापासून आरंभ करणें बरें.

मूळची रचना अशी होती. उत्तरेकडून किसिमी नदी ओकीचोबी सरोवरास मिळे. पावसाळ्यांत सरोवर भरलें कीं दक्षिण कांठावरून पाणी सांडे, आणि पन्नासएक मैल रुंदीच्या उथळ प्रवाहानें, गवतांतून संथ वाहत, समुद्राकडे जाई. त्या गवताचे अवशेष हजारों वर्षें पाण्याखालीं सांचून काळी, कसदार माती तयार झाली. पाणी होतें तोंवरच ती टिकणार होती. कारण हवा लागतांच सूक्ष्म जीवाणु तिचें विघटन करतात आणि ती अक्षरशः हवेंत विरून जाते.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या हिशेबीं दलदल म्हणजे पडीक जमीन. १८५० च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें ती राज्याच्या स्वाधीन केली, ती निचरा करून लागवडीस आणावी म्हणूनच. राज्य कर्जांत बुडालें होतें. १८८१ सालीं फिलाडेल्फियाचे कारखानदार हॅमिल्टन डिस्टन यांनीं ४० लक्ष एकर जमीन एकरीं २५ सेंट दरानें, म्हणजे एकंदर १० लक्ष डॉलरांस, विकत घेतली. पुढें १९०५ मध्यें गव्हर्नर झालेले नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड यांनीं निचऱ्याचें काम राज्याकडेच घेतलें. ऊस म्हटला कीं कालव्यानें पाणी आणावयाचें, ही आपल्याकडील ओळखीची रीत; तेथें कालवे खणले ते पाणी घालवून देण्यासाठीं.

पाण्यानें आपली वाट सोडली नाहीं. १६ सप्टेंबर १९२८ रोजीं चक्रीवादळानें सरोवराचा मातीचा बांध फुटला आणि निदान २,५०० माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. त्यानंतर सरोवरास प्रचंड बंधाऱ्याचें कडें घालण्यांत आलें. १९४७ सालीं पुन्हां पूर आले. त्याच वर्षीं दक्षिण टोकास राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, आणि ही दलदल नसून गवताची नदी आहे, हें मार्जरी स्टोनमन डग्लस यांच्या ग्रंथानें लोकांस पटवून दिलें. तरीही १९४८ च्या पूरनियंत्रण योजनेनें सरोवराच्या दक्षिणेची सुमारें ७ लक्ष एकर जमीन शेतीस राखून ठेवली. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबाची साखर अमेरिकेस येईनाशी झाली, आणि येथें उसाचें क्षेत्र झपाट्यानें वाढलें.

अशा रीतीनें सरोवर आणि उद्यान यांच्या मधोमध ऊस उभा राहिला. सरोवराचें जादा पाणी पूर्वेस व पश्चिमेस समुद्रांत सोडावें लागे. दक्षिणेस तहान राही, आणि तेथें पोंचणाऱ्या पाण्यांत खतांतील स्फुरद असे. म्हणून १९९४ च्या कायद्यान्वयें शेतजमिनी घेऊन तेथें पाणी गाळणाऱ्या कृत्रिम पाणथळी करण्यास आरंभ झाला. उत्तरेस किसिमी नदीच्या कांठची सुमारें १ लक्ष एकर जमीनही सार्वजनिक पैशानें घेण्यांत आली. पूर्वीं नदीचा सरळ कालवा केला होता. त्यापैकीं २२ मैलांची लांबी बुजविल्यावर नदी आपल्या जुन्या वळणांवरून वाहूं लागली. हें काम २०२१ सालीं पुरें झालें.

खरी कसोटी दक्षिणेस लागली. जून २००८ मध्यें गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनीं युनायटेड स्टेट्स शुगर कंपनीची १ लक्ष ८७ हजार एकर जमीन १७५ कोटी डॉलरांस घेण्याचा बेत जाहीर केला. कंपनीचें ठाणें असलेल्या क्लूइस्टन गांवीं चिंता पसरली. कारखाना मिटला तर गांवानें जगावें कशावर? पाणथळींत राहणारे मिकोसुकी लोकही या खरेदीविरुद्ध न्यायालयांत गेले, कारण एवढा पैसा येथें गुंतला तर हातीं घेतलेलीं कामें अडतील, अशी त्यांस भीति होती. त्याच वर्षीं आर्थिक मंदी कोसळली. बेत आखडत गेला, आणि ऑक्टोबर २०१० मध्यें पदरांत पडली ती २६,८०० एकर जमीन, १९ कोटी ७० लक्ष डॉलरांस. तींत बहुतेक भाग संत्रावर्गीय फळबागांचा होता. एकरीं दर पडला सुमारें ७,३५० डॉलर.

२०१४ सालीं शेंकडा ७५ मतदारांनीं जमीन व पाणी यांच्या रक्षणासाठीं कराचा कांहीं भाग राखून ठेवण्यास कौल दिला. तरी दुसऱ्याच वर्षीं जलव्यवस्थापन मंडळानें कंपनीची आणखी ४६,८०० एकर जमीन घेण्याचा हक्क सोडून दिला. जमीन थोडी, म्हणून आतां पाणी उंच भिंतींआड सांठवावयाचें आहे. २०२३ सालीं ज्या जलाशयाचें बांधकाम सुरू झालें, तो १०,५०० एकरांवर सुमारें २३ फूट खोल असावयाचा आहे. जें पाणी एके काळीं मैलोगणती गुडघाभर खोलीनें पसरत असे, त्यास इतक्या खोलींत कोंडावें लागतें, हाच त्या जुन्या विक्रीचा खरा हिशेब होय. जमीन विकतांना राज्यानें एकरांची किंमत केली. पाण्याच्या वाटेची किंमत कोणीं केली नाहीं. ती वाट आतां तुकड्यातुकड्यानें परत घ्यावी लागत आहे. आणि बेल ग्लेडच्या खांबाजवळून जी माती विरून गेली, ती कोणत्याही दरानें विकत मिळणार नाहीं.