पेडणे-डिचोलीचा आखाती जमाखर्च

1959 साली पेडण्याच्या बाजारात एस्कुदो आला. पोर्तुगीज सरकारने गोव्याचा जुना रुपया बंद केला आणि एका रुपयाला सहा एस्कुदो असा भाव बांधून दिला. हद्दीपलीकडच्या बांद्यात चालणारा भारतीय रुपया पेडणेकरांसाठी सरकारी हिशेबात परका होता. त्याच वर्षी कुवेत, बहरीन, दुबई आणि मस्कतमध्ये मात्र हाच भारतीय रुपया रोजच्या व्यवहारात होता. तिथे भाकरी, भाडे, पगार सगळे रुपयांत मोजले जाई.

त्यातून एक अडचण उभी राहिली. आखातात रुपये देऊन सोने घ्यायचे आणि ते चोरून भारतात उतरवायचे, हा धंदा फोफावला. शेवटी रिझर्व्ह बँकेने 1959मध्येच आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा छापल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे आणि भारतात त्या बाजारात चालत नसत. कुवेतने 1961मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहरीनने 1965मध्ये. मग 6 जून 1966 रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. पौंडाला 13 रुपये 33 पैसे पडत होते, ते एकदम 21 रुपये झाले. ज्याची शिल्लक या नोटांत होती, त्याची वर्षांची काटकसर पौंडाच्या हिशेबात तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला, ओमानने 1970मध्ये. आखातात पोट भरायला किती लागते या प्रश्नाला चलनाचे दुखणे तेव्हापासून चिकटलेले आहे.

त्या काळात आखातात गेलेले गोंयकार बहुतेक जुन्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतले, ख्रिस्ती होते. आबादानची रिफायनरी, कुवेतची तेल कंपनी, बहरीनची तेल कंपनी इथे कारकून, आचारी, फिटर म्हणून ते लागले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या कूडी होत्या. व्हिसा हाती येईपर्यंत तिथे नाममात्र पैशांत पथारी पसरता येई, आणि आखातातून आलेल्याकडून तिथले भाडे, पगार, मालकाचा स्वभाव सगळे कळे. ही माहिती पैशाइतकीच मोलाची होती.

पेडणे आणि डिचोली नव्या काबिजादीतले तालुके. ते पोर्तुगिजांकडे आले अठराव्या शतकाच्या शेवटी. इथली पाटी-पुस्तके मराठी, घरोबा सावंतवाडीशी. पेडण्याचा माणूस पोटासाठी बाहेर पडला तो मुंबईला, गिरगावात नाहीतर गिरणगावात. डिचोलीत मये, पिळगाव, शिरगावच्या बाजूला खनिजाने हाताला काम दिले. दयानंद बांदोडकर मूळचे पेडण्याचे. 1963मध्ये ते मुख्यमंत्री झाल्यावर गावोगाव शाळा निघाल्या आणि त्या शाळांतली पोरे मोठी होईपर्यंत 1973ची तेल दरवाढ होऊन आखातात बांधकामाला जोर आला होता. ही पोरे तिथे पोहोचली तेव्हा त्यांच्या पाठीशी कूडीसारखा आधार नव्हता. चुलतभाऊ, मेव्हणा, गावचा कोणी आधी गेलेला, एवढ्यावरच भागवायचे.

तिथे उतरल्यावर पहिला घास घेते भाडे. दुबईत करामा, सातवा, कुवेतमध्ये अब्बासिया या भागांत एकट्या माणसाचा निवारा म्हणजे ‘बेड स्पेस’. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेली खोली, दोन मजली लोखंडी खाटा, खाटेखाली बॅग, फ्रिजमध्ये वाट्याला आलेला एक कप्पा आणि सकाळी बाथरूमसाठी रांग. आख्खी खोली घ्यायची तर दुबईत वर्षाचे भाडे पुढच्या तारखांच्या मोजक्या चेकांत द्यावे लागे, आणि चेक वटला नाही तर कितीतरी वर्षे तो फौजदारी गुन्हा होता. 2005च्या सुमारास भाडी इतकी भडकली की दुबईच्या शासकाला वाढीवर मर्यादा घालावी लागली: आधी 15 टक्के, मग 7, मग 5. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला वर्षाचे भाडे अशा मोठ्या हप्त्यांत कुठून जमायचे? म्हणून तो खाटेवरच राहिला.

जेवणाचे त्यामानाने सुसह्य. खुबूस स्वस्त, डाळ स्वस्त, चौघांनी मिळून मेस चालवली की भागते. उकडे तांदूळ, सोलां आणि सुके बांगडे बॅगेतून जातात. नुस्त्याची मात्र पंचाईत होते. अमिराती आणि ओमानमध्ये 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर इसवण पकडायला बंदी असते, म्हणजे गोव्यातली जून-जुलैची मासेमारीबंदी उठून गेलेली असते तेव्हा तिकडची सुरू होते. त्यातच चवथ येते, आणि गावी जायचे तर नेमके त्याच आठवड्यात विमानाचे तिकीट महागलेले असते. आता मोपा विमानतळ पेडण्यातच आहे, जानेवारी 2023पासून तिथून विमाने उडतात. लांबच्या विमानतळापर्यंतचा फेरा वाचला, तिकिटाचा चटका राहिला.

कुटुंब नेण्याचा विचार केला की हिशेबच पालटतो. अमिरातीत महिना 4,000 दिरहॅम, किंवा 3,000 आणि राहायला जागा, एवढे असल्याशिवाय बायको-मुलांचा व्हिसा मिळत नाही. सौदी अरेबियाने जुलै 2017पासून सोबतच्या प्रत्येक माणसामागे दरमहा 100 रियाल आकारणी सुरू केली आणि 2020पर्यंत ती 400वर नेली. तिथला मूल्यवर्धित कर 2018मध्ये 5 टक्के होता, जुलै 2020मध्ये 15 झाला. चौकोनी कुटुंबाच्या सौदीतल्या कमावत्या माणसाला तिघांचे मिळून महिन्याला 1,200 रियाल नुसते राहण्यासाठी भरावे लागू लागले. अनेकांनी बायको-मुलांना परत पाठवले. पेडण्यातल्या कितीतरी मुलांचे बापाशी बोलणे आधी पत्रातून आणि मग फोनवरून झाले, याचे मूळ अशा नियमांत आहे. या खर्चाची बेरीज कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग माणसे टिकली कशी? बरेचसे रुपयाच्या घसरणीमुळे. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे. 1980च्या सुमारास एका दिरहॅमचे दोन रुपयांच्या थोडे वर येत, 1991च्या अवमूल्यनानंतर सातच्या आसपास, 2024मध्ये जवळजवळ तेवीस. दिरहॅममध्ये पगार जागचा हलला नाही तरी घरी पोहोचणारा आकडा फुगत गेला. पण डिचोलीत सिमेंट, चिरे आणि मजुरीही त्याच काळात वाढत होती. वाढ झाली असे वाटे, घराचा स्लॅब मात्र पुढच्या सुट्टीवर जाई. शिवाय ही बचत कधीही उडू शकते. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत घेतले आणि कुवेती दिनाराची किंमत इराकी दिनाराइतकी ठरवली. एअर इंडियाने अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. त्यांतले कितीतरी जण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले.

डिचोलीवर वेगळी पाळी आली ती सप्टेंबर 2012मध्ये, खाणी बंद झाल्या तेव्हा. पुढे थोड्या सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018मध्ये पुन्हा थांबल्या. सारमानसच्या धक्क्याकडे खनिज नेणारे ट्रक अंगणात उभे राहिले आणि ट्रकवाल्यांना आखात दिसू लागले. पण तिथे कामाला राहणाऱ्याला भारतीय लायसन्सवर ट्रक चालवता येत नाही. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची, नव्याने शिकवणी, नव्याने परीक्षा. नापास झाला की पुन्हा फी. एकूण खर्च काही हजार दिरहॅमवर जातो. तो कंपनीने आधी भरून पगारातून कापून घेतला तर सुरुवातीचे महिने घरी पैसे येत नाहीत, आणि इकडे ट्रकचा हप्ता थांबत नाही.

एजंटाने किती घ्यावे याला भारतात मर्यादा आहे: नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी. अमिरातीच्या 2021च्या कामगार कायद्यानेही भरतीचा खर्च मालकावर टाकला आहे, कामगाराकडून तो घेता येत नाही. हे दोन नियम साखळीच्या आणि डिचोलीच्या बाजारात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत ठळक लिहून लावायला हवेत. जाणारा माणूस दागिने गहाण ठेवतो तो एजंटाच्या टेबलापुढे बसण्याच्या आदल्या दिवशी. त्याला हे नियम त्याआधी वाचायला मिळायला हवेत.