हैदराबाद राज्यातील हासिल, तहसील आणि लेव्ही

इंग्रजीतील ‘प्रोक्युअर’ या क्रियापदाचा आजचा अर्थ मिळवणे एवढाच असला, तरी ते ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणे असा होता, आणि रोमन सम्राटाच्या वतीने प्रांतातील वसुली पाहणारा अधिकारी म्हणूनच ‘प्रोक्युरेटर’ म्हटला जाई. हैदराबादच्या दप्तरात हा अर्थ अरबी ‘ह-स-ल’ या धातूने वाहिला : हासिल म्हणजे हाती आलेले, महसूल म्हणजे मिळालेले उत्पन्न, तर तहसील म्हणजे ते गोळा करण्याची क्रिया, तिला फारसी ‘दार’ लागून तहसीलदार झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र निजामाच्या मुलखात वसुली करणारा बहुधा सरकारचा नोकर नसे. तअहुददार, म्हणजे महसुलाचा मक्तेदार, ठरलेली रक्कम दरबारात भरी आणि रयतेकडून निघेल तेवढे काढी; दिवाण चंदूलाल यांच्या काळात तर मक्ता कधी दुसऱ्याकडे जाईल याचा भरवसा नसल्याने पुढच्या हंगामाची फिकीर करण्याचे त्याला कारणच उरत नसे. शिवाय कर्जात बुडालेल्या दरबाराने सावकारांना आणि अरब जमादारांना, म्हणजे भाडोत्री फौजेच्या नायकांना, तालुके तारण लावून दिले होते.

1853 मध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या थकबाकीपायी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले त्याच वर्षी, दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी तारण तालुके सोडवत मक्ते मोडले, आणि 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, करून पगारी अधिकारी नेमले. जिल्ह्याचा प्रमुख तेथे अव्वल तालुकदार म्हणवला जाई आणि तहसीलदार त्याच्या हाताखाली असे. देशमुख-देशपांडे या वतनदारांकडून वसुलीचे काम काढून त्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक रोख नेमणूक, देण्यात आली. सुधारणा मोठी खरी, पण ती वतनदाराच्या वाड्याशी थबकली, कारण त्याची जमीन आणि गावावरचा दाब तसाच राहिला, तर गावचे कागद पाटील-पटवाऱ्यांच्या हाती राहिले.

त्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. सरकारने लेव्ही, म्हणजे ठरावीक दराने सक्तीची धान्यखरेदी, सुरू केली, तेव्हा तेलंगणात मोठे देशमुख तिच्यातून निसटत आणि लहान कुळांच्या घरातले खाण्यापुरते धान्यही उचलले जाई. पुढे तेथील शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यात वेठबिगारीच्या जोडीने लेव्हीविरोध ही ठळक मागणी झाली.